नजरेआड न जाता बेचाळीस किलोमीटर

पळणाऱ्या माणसांकडे किस्से फार साठतात. कारण साधं आहे. पळताना दम लागलेला असतो, बोलता येत नाही. मग जे काही घडतं ते पोटात ठेवून माणूस घरी येतो आणि रविवारी चहाच्या टपरीवर ते सगळं एकदम बाहेर पडतं. आमच्या ग्रुपचं तर ठरलेलं आहे, पळणं एक तास आणि त्याबद्दल बोलणं दोन तास. माझे मिस्टर म्हणतात, "तुमचा रनिंग क्लब नाही, टॉकिंग क्लब आहे!" त्यांचं काही चुकत नाही.

आमचा ग्रुप नगरचा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आम्ही अजून 'नगरचे पळपुटे'च आहोत. हे नाव डॉक्टरांनी ठेवलं. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, ग्रुपचे अ‍ॅडमिन आणि स्वतःला कोच समजणारे. माझं सावेडीत स्टेशनरीचं दुकान आहे. मी पळायला लागले ती वजन कमी करायला. वजन आहे तिथेच आहे, किस्से मात्र भरपूर झाले.

त्यातही कोरोनाच्या वर्षातल्या किश्श्यांची गोष्टच वेगळी. आम्ही सगळ्यांनी मोठ्या शहरातल्या एका मॅरेथॉनला नावं दिली होती, ती रद्द झाली. मग आयोजकांचा मेसेज आला की स्पर्धा आता 'व्हर्च्युअल' होणार. म्हणजे ज्याने त्याने आपापल्या गावात पळायचं, जवळच्या मोबाईलमधलं अ‍ॅप अंतर मोजणार. ठरलेल्या आठवड्यात कधीही पळा, मध्ये बसा, पाणी प्या, काहीही करा, पण अ‍ॅप एकदा बंद केलं की खेळ खलास. अंतर पूर्ण झालं तर मेडल कुरिअरने घरी.

मी ग्रुपवर लिहिलं, "ही कसली स्पर्धा? शेजारी धापा टाकायला कुणी नाही, केळी वाटायला कुणी नाही!" सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पाडला. तेवढ्यात मुळे सरांची एक ओळ आली, "मी फुल करणार. बेचाळीस."

त्यानंतर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. का, ते सांगते. पण आधी डॉक्टरांचं उरकते, नाहीतर ते रागावतील.

* * *

कडक लॉकडाऊन होता तेव्हा डॉक्टरांनी बिल्डिंगच्या गच्चीवर पळायला सुरुवात केली. पाण्याच्या टाकीला गोल गोल चकरा. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी फोन केला, "डॉक्टर, वर कोण मसाला कुटतंय बघा हो जरा!" डॉक्टर म्हणाले, "बघतो." आणि बूट-मोजे काढून अनवाणी पळायला लागले.

उन्हाळ्याचे दिवस. गच्चीवर बायकांनी कुरडया घातलेल्या. डॉक्टरांना पहाटेच्या अंधारात त्या दिसल्या नाहीत. एक पाय सरळ ओल्या कुरडईवर. चूक कबूल करायची सोडून त्यांनी काय करावं? ती कुरडई हळूच नीट केली, कडेला सरकवली आणि खाली येऊन अंघोळ केली!

दिवाळीत समोरच्या वहिनींनी फराळाचं ताट पाठवलं. वर एकच मोठी कुरडई. तळल्यावर छान फुलली होती, पण मधोमध पायाची पाचही बोटं तशीच! सोबत निरोप, "ही खास तुमच्यासाठी ठेवली होती."

डॉक्टरांनी खाल्ली. म्हणाले, "चव चांगली होती."

* * *

आता मुळे सर. सर म्हणजे गणिताचे रिटायर्ड मास्तर. साठी उलटलेली, अंगाने काटक, बोलणं मोजकं. कोरोनाच्या आदल्या वर्षी ते पहिल्यांदाच फुल मॅरेथॉनला उतरले होते. बत्तिसाव्या किलोमीटरला दोन्ही पायांत गोळे आले. मागून जी गाडी मागे राहिलेल्यांना गोळा करत येते, तिच्यात बसून ते परत आले. आम्ही सगळे एकाच जीपमधून नगरला आलो. वाटेत सुप्याला चहाला थांबलो, तेव्हा सर खाली उतरलेसुद्धा नाहीत.

आणि मग त्यांनाच कोरोना झाला. पहिल्या लाटेत. ऑक्सिजन लावावा लागला. आम्ही ग्रुपवर रोज सकाळी 'गुड मॉर्निंग' टाकायचो ते फक्त सरांचा अंगठा दिसावा म्हणून. ज्या दिवशी अंगठा उशिरा यायचा त्या दिवशी माझा दुकानाचा हिशेब चुकायचा.

जरा बरं वाटायला लागल्यावर सरांनी काय केलं? वॉर्डमध्ये चालायला लागले. एका हातात सलाईनची दांडी, चाकं असलेली, ती ढकलत या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांचं बघून शेजारच्या बेडवरचे एक शेतकरी आजोबा उठले. मग एक एसटीचे कंडक्टर उठले. तिघेही दांड्या ढकलत एका रांगेत! नर्स पीपीई किटमधून ओरडली, "काका, हा वॉर्ड आहे, मैदान नाही! बसा आधी!"

कंडक्टर म्हणाले, "सिस्टर, गाडी सुटलीय. आता पुढच्या स्टॉपलाच थांबणार."

सर घरी आले, पण दम काही परत येईना. स्वतःच्या घराचा जिना चढताना मध्येच बसायचे. हळूहळू चालू लागले, मग पळू लागले. हिवाळ्यापर्यंत सगळ्या तपासण्या झाल्या, छातीच्या डॉक्टरांनी परवानगी दिली. मुळे काकूंनी दिली नाही.

काकूंचं म्हणणं सरळ होतं. "एकदा गाडीतून आणलं, एकदा अँब्युलन्समधून. तिसऱ्यांदा मी बघणार नाही." यावर कोण काय बोलणार? मी त्यांना समजवायला गेले होते, चहा पिऊन परत आले.

जाताना सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "मेधाताई, मला मेडल नकोय हो. मी अजून त्या गाडीतच बसलोय. मला तिच्यातून उतरायचंय." मला रडूच आलं. मास्क होता म्हणून निभावलं.

शेवटी काकूंनी दोन अटी घातल्या. पहिली, घराच्या नजरेआड जायचं नाही. दुसरी, "या वेळी जमलं नाही तर बूट माळ्यावर जातील आणि शिडी माझ्या माहेरी!"

सरांनी दोन्ही मान्य केल्या.

* * *

सचिनचं तिकडे वेगळंच चाललेलं. सचिन आमच्या ग्रुपमधला तरुण पोरगा, सुप्याच्या एमआयडीसीत इंजिनिअर. स्पर्धेचा आठवडा आला आणि नेमकी कंपनीत कोरोनाची केस निघाली. आतले लोक आत, बाहेरचे बाहेर. सचिन आत. त्याने ठरवलं, कंपनीच्या आवारातच एकवीस किलोमीटर पळायचं.

पहिली फेरी पूर्ण व्हायच्या आत सेफ्टी ऑफिसरने शिट्टी मारली आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'कारखान्यात धावू नये.'

सचिन म्हणाला, "साहेब, ते कामावर असताना. माझी आज सुट्टी आहे."

"सुट्टी असलेल्या माणसाने कारखान्यात यायचंच नसतं."

"मी आलेलो नाही साहेब, तुम्ही जाऊ देत नाही!"

साहेब विचारात पडले. मग त्यांनी पिवळ्या पट्ट्याच्या आतला भाग म्हणजे कारखाना, बाहेरचा म्हणजे रस्ता असा निर्णय दिला. रस्त्यावर पळायला हरकत नाही. फक्त आवारात हेल्मेट सक्तीचं. आणि रात्रपाळीत चमकतं ते जाकीट. सेफ्टी शूजवर मात्र सचिनने हात जोडले, तेवढी सूट मिळाली.

त्याने तसं एकवीस केलं. पिवळं हेल्मेट, चमकतं जाकीट, तोंडाला मास्क. दुपारी शिफ्ट सुटली, कामगार जमिनीवर रंगवलेल्या गोलांमध्ये अंतर ठेवून उभे होते. त्यांच्या समोरून हा गेला की टाळ्या. शेवटच्या फेरीला खुद्द सेफ्टी ऑफिसर टाळ्या वाजवत होते. सचिन थांबल्यावर जवळ आले आणि म्हणाले, "शाब्बास! हेल्मेटचा पट्टा मात्र लावलेला नव्हता."

* * *

बापू आमच्यातला खरा पळणारा. हिवरे बाजारच्या पलीकडच्या एका लहान गावात त्याची शेती, दुधाचा धंदा. घड्याळ नाही, महागाचे बूट नाहीत, पण पळायला लागला की आम्हाला फक्त त्याची पाठ दिसते. त्याला अंतराचं काही वाटत नाही. त्याची अडचण गावाची होती. त्याच आठवड्यात गावात दोघे पॉझिटिव्ह निघाले आणि गावाने वेशी बंद केल्या. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. गावाने एकदा ठरवलं की ठरवलं, तिथे कुणाचीच गय नाही.

बापूने देवळापुढच्या बैठकीत परवानगी मागितली. सगळे लांब लांब बसलेले.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुनाच्या मागं पळायचंय?"

"कुनाच्याच न्हाई, आबा."

"मंग कुनी मागं लागलंय का?"

"न्हाई."

"मंग पळायचं कशापाय?"

बापू म्हणाला, "आबा, हे दुखनं आल्यापासून समदी घरात बसून भ्यालीत. एकानं तरी भाईर पळून दाखवाया पायजे."

मग सरपंच म्हणाले, पळ. पण शिवाराच्या कडेकडेने पळ, गळ्यात शिट्टी घाल, आणि कुणी परका दिसला तर आत येऊ देऊ नकोस. पळणंही होईल, राखणही होईल.

इकडे डॉक्टरांना कोच म्हणून राहवेना. बापूला प्रोत्साहन द्यायला ते केळी, खजूर, ग्लुकोज घेऊन भल्या सकाळी गाडीने निघाले. पुढून वेस बंद म्हणून आडवाटेने, ओढ्यातून, काटे तुडवत शिवारात पोचले. समोरून बापू येताना दिसला. डॉक्टर ओरडले, "शाब्बास बापू! थांबू नकोस! हे घे केळं!"

बापूने शिट्टी फुंकली. अशी फुंकली की गव्हातले बगळे उडाले आणि चहूबाजूंनी काठ्या घेऊन माणसं आली.

"बापू, अरे मी! डॉक्टर!"

बापू जागच्या जागी पळत होता. म्हणाला, "वळखलं ना डॉक्टर. पर गावाचा नियम हाय. केळी बांदावर ठिवा आन् मागं फिरा."

डॉक्टर केळी ठेवून परत आले. बापूचे बेचाळीस आरामात झाले. केळी मात्र गावाने दोन दिवस उन्हात ठेवली, निर्जंतुक व्हावीत म्हणून. नंतर ती गाईने खाल्ली.

* * *

आमच्या ग्रुपमधल्या लताताई अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका वाडीवर शिक्षिका. शाळा बंद होत्या, पण या बाई वाडी वाडीवर जाऊन मारुतीच्या ओट्यावर मुलांना शिकवायच्या. त्यांनी हाफ मॅरेथॉनसाठी भंडारदऱ्याकडचा घाटरस्ता धरला. आम्ही म्हटलं, सपाट रस्ता नाही का? तर म्हणाल्या, "आमच्याकडे सपाट फक्त ताट असतं!"

निघून जरा वेळ झाला तोच मागून जीप आली. तिकडे रस्त्याने चालणाऱ्या माणसाला न विचारता पुढे जायची पद्धत नाही. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, बसा."

"नको दादा, मी पळतेय."

"दिसतंय की. म्हनून तर म्हनतो, बसा."

"मला पळायचंच आहे."

"लई घाई हाय तर मंग बसा ना! जीप लवकर पोचंल."

बाईंनी हात जोडले. ड्रायव्हर काही पुढे जाईना. पहिल्या गिअरमध्ये बाजूने जीप चालवू लागला. आत बसलेल्या बाया माना बाहेर काढून बघतायत, एकीच्या मांडीवर कोंबडी. बाई म्हणाल्या, "दादा, तुम्ही जा हो पुढे, पॅसेंजर खोळंबलेत."

आतून एक म्हातारी बोलली, "आमी न्हाई खोळंबलो. तू दमल्यावर बसशीलच. बसल्याबिगर आमी जात न्हाई."

आणि खरंच, अख्खा घाट ती जीप बाईंच्या सोबत चढली! चढावर बाईंचा श्वास फुलला, पाय जड झाले, एकदा थांबावंसं वाटलं. पण थांबलं की सगळे मिळून जीपमध्ये कोंबणार ही भीती. म्हणून थांबल्याच नाहीत. म्हणतात, असा वेग आयुष्यात पुन्हा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या ओट्यावर मुलांबरोबर त्यांच्या आयाही आल्या. प्रत्येकीच्या हातात लिंबू. बाईंना काही कळेना. शेवटी एकीने हळूच सांगितलं, "जीपवाला सांगत व्हता, तुमाला गाडी लागती. लाजू नका बाई. लिंबू हुंगायचं अन् डोळं मिटून बसायचं. कवर पळत जाताल?"

* * *

माझं स्वतःचं सांगण्यासारखं फार नाही. मी एकवीस केले, रडतखडत. शेवटचे पाच भिस्तबागच्या रस्त्यावर अक्षरशः फरपटत. बाकीच्या साऱ्यांचं झाल्यावर ग्रुपवर एकेकाचे फोटो आले, अंगठे आले. आठवड्याचा शेवटचा दिवस रविवार. फक्त सरांचे बेचाळीस राहिले होते.

नजरेआड जायचं नाही, म्हणून सरांनी कॉलनीतल्या मैदानाभोवतीचा, फाटकातून सगळा दिसणारा गोल रस्ता धरला होता. स्कूटरच्या मीटरवर मोजला, तर एक फेरी बरोबर एक किलोमीटर. म्हणजे बेचाळीस फेऱ्या आणि वरचे जवळजवळ दोनशे मीटर. मॅरेथॉनला बेचाळीसच्या वर ते शेपूट असतंच. त्या शेपटासाठी आणखी एक फेरी धरली.

काकूंचा त्या अ‍ॅपवर काडीचा विश्वास नव्हता. त्या देवळात प्रदक्षिणा घालतात तेव्हा शेंगदाणे मोजून घेतात, प्रत्येक प्रदक्षिणेला एक दाणा बाजूला. तसंच त्यांनी इथे केलं. फाटकाशी खुर्ची टाकली, स्टुलावर दोन वाट्या ठेवल्या. एकीत मोजून त्रेचाळीस शेंगदाणे, दुसरी रिकामी. सर समोरून गेले की एक दाणा इकडून तिकडे. सरांनी अ‍ॅपचा आवाज बंद करून मोबाईल कमरेच्या पाऊचमध्ये टाकला. म्हणाले, "माझं लक्ष वाटीकडे राहील."

उजाडताना सुरुवात झाली. डॉक्टर आणि मी अंतर ठेवून काकूंच्या बाजूला उभे. पंधरा फेऱ्या झाल्या, वीस झाल्या. ऊन वर आलं. कॉलनीतली माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली. काकू कुणाशी बोलत नव्हत्या. दाणा उचलायचा, ठेवायचा, आणि सर पुन्हा फाटकाशी येईपर्यंत त्यांच्याकडेच बघत बसायचं.

बत्तिसावी फेरी आली. सर फाटकापाशी आले आणि थांबले. हात गुडघ्यांवर. पोटरीत गोळा आला होता, वरूनच दिसत होता. काकूही खुर्चीतून उठल्या. मला वाटलं, संपलं. काकूंच्या हातात दाणा तसाच.

सर खाली बघत म्हणाले, "इथेच ती गाडी आली होती."

काकू म्हणाल्या, "आज इथे कुठलीच गाडी नाही. चला पुढे."

सर निघाले. लंगडत, मग चालत, मग परत पळत. बाकीच्या फेऱ्या त्यांनी कशा केल्या ते त्यांनाच माहीत. शेवटी वाटी रिकामी झाली! काकूंनी शेवटचा दाणा टाकला, गॅलऱ्यांमधून टाळ्या वाजल्या, कुणीतरी थाळी बडवली. सर फाटकातून आत आले ते सरळ पायरीवर बसले. बूट काढले. काकूंनी ओवाळलं. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या एकवीसचाही झाला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "सर, मोबाईल द्या, मी अ‍ॅप बंद करतो." त्यांनी स्क्रीन बघितली. आणि चेहरा पडला.

बेचाळीस किलोमीटर झाले होते. फक्त बेचाळीस. वरचं शेपूट राहिलं होतं.

"असं कसं?" मी म्हटलं. "त्रेचाळीस दाणे होते ना?"

डॉक्टरांनी रिकाम्या वाटीकडे बघितलं. मग भरलेल्या वाटीकडे. मग स्वतःच्या हाताकडे. "काकू..." ते म्हणाले, "मघाशी बोलता बोलता... या रिकाम्या वाटीतला एक मी खाल्ला!"

कुणालाच हसू आलं नाही.

डॉक्टर सरांपुढे उकिडवे बसले. "सर, अ‍ॅप चालूच आहे. दोनशे मीटरसुद्धा नाहीत. फक्त उठा."

सरांनी मान हलवली. "नाही होणार. राहू द्या."

"सर, हात धरतो."

"पाय माझे राहिलेले नाहीत, डॉक्टर. माझं झालं. मेडल नाही मिळालं तर नाही." पण बोलताना चेहरा तसाच झाला होता, सुप्याला जीपमध्ये होता तसा. मी विनवलं. गॅलरीतल्यांनी विनवलं. डॉक्टर तर रडकुंडीला आले, "मारा मला, पण उठा!" सर पायरीवरून हलले नाहीत. डॉक्टरांनी मोबाईल हळूच परत त्यांच्या पाऊचमध्ये सरकवला.

काकू काही न बोलता ताट घेऊन आत निघून गेल्या होत्या. मला त्यांचा रागच आला. थोड्या वेळाने बाहेर आल्या त्या हातात कापडी पिशवी घेऊन. सरांच्या पुढ्यात धरली.

"अहो, दूध नासलंय. एवढी माणसं आलीत, चहा कशाचा करू? एक लिटर घेऊन या."

सर म्हणाले, "आत्ता?"

"मग काय संध्याकाळी? आणि कोपऱ्यावरच्या डेअरीतलं नको, पाणी असतं त्यात. चौकातल्याकडून आणा."

सरांनी एकदा काकूंकडे बघितलं. मग कठड्याला धरून उठले. इतक्या वर्षांच्या संसारात पिशवी पुढे आली की उठायचं, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. चपला सरकवल्या आणि पिशवी हलवत, पाय ओढत निघाले. डॉक्टर त्यांच्या मागे जायला निघाले तर काकूंनी नुसतं बघितलं, ते जागीच थांबले.

चौकातून परत येताना सर वळणावर दिसले. एका हातात दुधाची पिशवी. मध्येच थांबले, पाऊचला हात लावला. मोबाईल थरथरला असणार. त्यांनी तो काढून बघितला, मग आमच्याकडे बघितलं, आणि भर रस्त्यात दुधाची पिशवी डोक्यावर उंच धरली!

काय तो आरडाओरडा झाला! डॉक्टर लहान मुलासारखे उड्या मारत होते. गॅलरीत परत थाळ्या सुरू झाल्या. सर फाटकात आले. काकूंनी त्यांच्या हातून पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "केवढा वेळ लावलात."

दुधाची पिशवी मी काकूंकडून घेतली आणि हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. गॅसवर मोठं पातेलं होतं. आम्हा सगळ्यांना पुरेल एवढा दुधाचा चहा केव्हाच उकळून तयार होता.